वकिलांच्या पोर्चमधला वास

आलात का वहिनी? या, इकडे जास्वंदीपाशी या, तिथे मुंग्या आहेत. काल रात्री तुमच्याकडे दिवा दिसला तेव्हाच ह्यांना म्हटलं, पुण्याहून आल्या वाटतं. नात बसायला लागली का? अगं बाई, उभी राहते? बघा.

नाकाला पदर लावून आलात, म्हणजे वास तुमच्यापर्यंत पोचलाय. नाही हो, गॅस नाही गळत. मीही पहिल्या दिवशी रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून बसले होते. तो वास स्टायरीनचा. वकिलांचा धाकटा! इंजिनीअर झाला, घरून काम करतो म्हणे, आणि उरलेल्या वेळात बापाच्या पोर्चमध्ये फायबरचा कारखाना काढलाय. जून महिन्यापासून चाललंय. तुम्ही गेलात नि सुरू झालं.

ती जुनी जिप्सी आणलीन ना त्याने, ती तुम्ही पाहिलीत. तिला रुंद टायर घातले. टायर आले मडगार्डच्या बाहेर. पहिल्या पावसात सगळा चिखल काचेवर, दारांवर, आणि वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. मग चाकांवर रुंद कड बसवायची ठरली. फ्लेअर म्हणतात त्याला. तयार मिळतात, पण ते म्हणे अंगाला बसत नाहीत, मध्ये बोटभर फट राहते. तर हा म्हणाला, मीच करतो. मोबाइलवर कुणीतरी दहा मिनिटांत करून दाखवलं होतं. त्या दहा मिनिटांत घासणं दाखवतच नाहीत हो, तिथेच सगळी फसवणूक आहे.

सुरुवात कशी केलीन ऐका. गणपतीच्या मखराचा उरलेला थर्मोकोल घेतला, मडगार्डवर चिकटवला, कापून छान गोलाई दिली. दिसत होतं सुरेख. त्यावर रेझीन ओतलं. नि वहिनी, डोळ्यांदेखत थर्मोकोल खाली बसायला लागला. विरघळला! हा मुलगा धावत माझ्याकडे. "बाई, असं कसं झालं?" अजून बाईच म्हणतो मला, आठवीला माझ्याच वर्गात होता. म्हटलं, अरे, थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, ते बनतं स्टायरीनपासून, आणि तुझं रेझीन पातळ केलेलं असतं त्याच स्टायरीनमध्ये. सख्खी भावंडं ती, भेटली की एक होणारच. नववीला शिकवलं असतं तर हे लक्षात राहिलं असतं, पण तेव्हा हे अभ्यासक्रमात नव्हतं.

मग वकीलसाहेबांनीच कधी नव्हे तो शहाणपणाचा सल्ला दिला. म्हणाले, मोबाइल ठेव नि मिरकरवाड्याला जा. खरंच आहे, आपल्या इथे फायबर शिकायला लांब कशाला जायचं? लाकडाच्या होड्या जाऊन बंदरावर फायबरच्या आल्या त्याला किती वर्षं झाली. तिथे एक मिस्त्री आहेत, होड्या दुरुस्त करतात. हा रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागला. पहिले काही दिवस त्यांनी ह्याला रेझीनला हातच लावू दिला नाही. नुसतं घासायला लावलं. पॉलिश पेपर हातात दिला, पाण्याची बादली दिली, घास म्हणाले. ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, चारशे, आठशे, हजार, असं करत दोन हजारापर्यंत. घरी आला की वकिलीणबाई म्हणायच्या, एवढं घासायला लावलं असतं तर माझी तांब्याची भांडी लखलखली असती.

पण मिस्त्रींचं बरोबर होतं. कारण हे काम उलट असतं, वहिनी. आपल्याला वाटतं फायबरचा तुकडा करायचा. तुकडा सगळ्यात शेवटी. आधी त्या आकाराचा नमुना करायचा, पीयू फोमचा म्हणा, लाकडाचा म्हणा, त्यावर लांबी भरून, घासून, आरशासारखा. त्या नमुन्यावरून फायबरचाच साचा काढायचा. आणि त्या साच्यात मग तुकडा. आपला मोदकाचा साचा असतो ना, त्यात एक चीर असली तर प्रत्येक मोदकावर ती रेघ उमटते. तसंच. नमुन्यावर राहिलेला ओरखडा साच्यात जातो, साच्यातून प्रत्येक तुकड्यावर. आणि मोदकाचा साचा दोन भागांचा का असतो? मोदक मधे फुगीर, एकसंध साच्यातून बाहेरच येणार नाही. ह्याच्या फ्लेअरची कड आत वळलेली. मिस्त्री म्हणाले, दोन भागांत कर, मधे पट्टी उभी कर, नटबोल्टने जोड. ह्याने ऐकलं नाही. एकसंध केला. मग काय, नमुना आतच अडकला! दोन दिवस लाकडी पाचर नि रबरी हातोडी घेऊन ठोकत होता. ह्यांना दुपारची झोप नाही. शेवटी साचा कापावा लागला.

अडकायला दुसरंही कारण होतं म्हणा. मेण. नमुन्यावर मेणाचं पॉलिश चढवायचं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक थर वाळू देऊन पुसून काढायचा. त्यावर पीव्हीए मारायचं. ते सुकलं की पातळ पापुद्रा होतो, आणि पाण्यात विरघळतो, म्हणून तुकडा सुटायला अडला की कडेने पाणी सोडायचं. किती सोपं! पण घाई. ह्या पिढीला मेण वाळेपर्यंत धीर नाही. आमच्याकडे तरी कुठे होता म्हणा, पण आम्ही निदान फायबर करायला बसलो नव्हतो.

बरं, वासाचं सोडा, वास निदान सावध तरी करतो. मला काळजी त्या दोन बाटल्यांची. दुकानात रेझीनबरोबर देतात. एक जांभळट, कोबाल्टची. दुसरी पाण्यासारखी, तिला सगळे हार्डनर म्हणतात. ते असतं पेरॉक्साइड, एमईकेपी. मी त्याच्या पोर्चमध्ये गेले तर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी, झाकणं उघडी, नि हा एका काडीने दोन्ही ढवळतोय! मी अशी ओरडले की वकिलांचा कुत्रा पळाला. ह्या दोन वस्तू थेट एकमेकींत पडल्या तर भडका उडतो, अगदी आग. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये घालून नीट ढवळायचं. ते पूर्ण मिसळल्यावर मग हार्डनर, तोही शेकडा एक ते दोन, जास्त नाही. आणि डोळ्याला चष्मा. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शाळा सोडताना प्रयोगशाळेचा एक जुना गॉगल आणला होता मी आठवण म्हणून, तो देऊन टाकला. आता तोंडाला फिल्टरचा मास्कही लावतो, कार्ट्रिजवाला. आधी कापडी लावून बसला होता. कापड धूळ अडवेल, वाफ कशी अडवणार?

पण एक सांगू? रसायन म्हणून ते बघायला मजा येते. हार्डनर घातलं की थोडा वेळ काहीच होत नाही. मग रेझीन जेलीसारखं थलथलतं, मग तापायला लागतं. पसरून लावलं तर उष्णता निघून जाते. एके दिवशी ह्याने श्रीखंडाच्या डब्यात भरपूर कालवलं नि फोन आला म्हणून आत गेला. बाहेर येतो तर डब्यातून धूर, डबा वाकडा. मी गच्चीवरून बघत होते. म्हटलं, ही उष्मादायी अभिक्रिया. आठवतं का? तो म्हणाला, बाई, आता नाही विसरणार.

आणि जून-जुलैत हे काम काढायचंच नाही, आपल्याकडे तर नाहीच. हवेत पाणी, मॅटमध्ये ओल. मॅट म्हणजे ते काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड, विणलेलं नाही, तुकडे दाबून बसवलेले. साडेचारशेची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम. ती ओलसर झाली की रेझीन पीत नाही, पांढरे डाग राहतात, आणि साच्यात सगळ्यात आधी लावलेला रंगीत थर, जेलकोट म्हणतात त्याला, तो चिकटच राहतो. सगळा आषाढ ह्याचं काम चिकट राहिलं. श्रावणात वकिलांनी पोर्चमध्ये मोठे बल्ब लावून दिले. वरून रागावतात, आतून कौतुक. आत्ता ऑक्टोबरचं ऊन लागलं तेव्हा कुठे काम रांगेला लागलं. आता उलटं, लवकर आवळतं, म्हणून हार्डनर कमी घालतो.

मिस्त्रींनी एक गोष्ट मात्र पक्की शिकवली, मला फार आवडली. हा मुलगा जेलकोट नीट आवळायच्या आधीच वरून मॅट लावायचा, तर जेलकोटला सुरकुत्या यायच्या. मिस्त्री म्हणाले, बोट लाव. चिकट लागलं पाहिजे पण बोटाला रंग आला नाही पाहिजे. बस, एवढंच माप. घड्याळ नको नि तापमापी नको. आणि दुसरी, रेझीन भरपूर ओतू नको. ह्याला वाटायचं जास्त रेझीन म्हणजे जास्त मजबूत. मजबुती काचेची असते हो, रेझीन नुसतं तिला धरून ठेवतं. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझीन पुरे. जास्त झालं की तुकडा जड होतो आणि धक्का बसला की तडकतो. म्हणून खाचांच्या रोलरने दाबून-दाबून जादा रेझीन नि हवेचे बुडबुडे काढायचे. तो रोलर फिरतो तेव्हा बारीक करकर आवाज येतो. आता मला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

काय म्हणता? वकील? अहो, त्यांचं तर नाटकच आहे. पहिल्याच दिवशी कलम सांगितलं, मोटार वाहन कायदा, कलम बावन्न. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय म्हणे, कंपनीने जी गाडी जशी बनवली तिच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालायचा नाही. जेवताना मुलाला वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, बाबा, मी इंजिन नाही बदलत, चिखल अडवतोय. वकील म्हणाले, ते टायर रुंद कुणी केले मग? मुलगा गप्प. मला विचाराल तर वकिलांचं बरोबर आहे. आधी टायर बदलायचे, मग त्यांच्यासाठी गाडी बदलायची. पण फायबरचं काम शिकला ते वाईट नाही केलं. टायर उद्या काढता येतील, हात थोडेच काढून ठेवायचेत?

आणि आता तो इतिहास सांगायला लागलाय, मला! संध्याकाळी ह्याच भिंतीपाशी उभा राहतो. म्हणे अमेरिकेत 1953 साली कॉर्व्हेट गाडी फायबरच्या बॉडीची काढली. त्या वर्षी जेमतेम तीनशे बनल्या. लोखंडी पत्रा ठोकायचे मोठे साचे तीनशे गाड्यांसाठी परवडत नाहीत, फायबरचे परवडतात. आणि कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स म्हणून होता, तोही मुळात होड्यांवाला, आपल्या मिस्त्रींसारखा. 1964 मध्ये त्याने गॅरेजमध्ये फायबरचं एक अंग बनवलं आणि त्याला फोक्सवॅगनचं इंजिन जोडून वाळूत धावणारी बग्गी केली. मँक्स नाव तिचं. गंमत ऐका. लोकांनी त्याची बग्गी विकत घेतली, तिच्यावरूनच साचा काढला नि हुबेहूब विकायला लागले. तो कोर्टात गेला, पेटंट दाखवलं, कोर्ट म्हणालं, पेटंट वैध नाही. हे ऐकून वकीलसाहेब एकदम खुर्ची पुढे सरकवून बसले. त्या एका संध्याकाळी बापलेक तासभर बोलले हो, दोघंही न भांडता.

आपल्याकडेही होती की फायबरची गाडी. आठवतेय का, डॉल्फिन? बंगलोरच्या सिपानी कंपनीची, ऐंशीच्या दशकातली, दोन दारांची, चिमुकली. ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांकडे होती. लोक तेव्हा हसायचे, प्लॅस्टिकची गाडी म्हणायचे, टाचणीने टोचून बघायचे. पण अंगाने हलकी म्हणून शर्यतवाल्यांना आवडायची.

हात दाखवू का? हे बघा, अजून पुरळ आहे. काल त्याने तुकडा घासायला घेतला, ती काचेची कूस वाऱ्याने आली नि मी इथे तुळशीला पाणी घालत होते. खाजेने जीव गेला. वकिलीणबाईंनी त्याला गरम पाण्याने आंघोळ घातली पहिल्यांदा, अजूनच वाढली. गरम पाणी नाही, गार पाणी, आणि चोळायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. कामाला बसायच्या आधी हातांना बेबी पावडर. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, नाहीतर सगळ्या घराला खाज. वकिलांना कोर्टात खाज सुटली तेव्हा हे कळलं. न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, वकीलसाहेब, बरं वाटत नाही का?

चारही फ्लेअर झाले हो त्याचे. दोन उजवे, दोन डावे. सगळ्यांना वाटतं एकच साचा उलटा केला की झालं, पण उजव्याच्या साच्यातून डावा निघत नाही. मागच्यांचा घेर वेगळा, पुढच्यांचा वेगळा, म्हणजे चार साचे! हे त्याला दोन झाल्यावर कळलं. गेल्या आठवड्यात रंगाला गेले. डेंटिंगवाल्याने विचारलं, कुठून आणलेत? तर आता तोच ऑर्डर द्यायला बसलाय. बंदरावरचे एक जण येऊन गेले, त्यांना टेम्पोचं मडगार्ड हवंय. आणि वकील, तेच कलम बावन्न, परवा मुलाला हळूच विचारत होते, मी ऐकलं, की त्यांच्या जुन्या स्कूटरचं साइड पॅनल गंजून गेलंय, बाजारात मिळत नाही, तसंच करून देशील का? अगदी मूळ होतं तसंच, हां, वेगळं काही नको.

तुमच्या टाकीचं झाकण उडालंय ना पावसात? मी पाहिलं, प्लॅस्टिकचा कागद बांधलाय ह्यांनी. सांगा त्याला. जुनं मोडकं झाकण टाकलं नसेल तर तेच नमुना म्हणून द्या, तडे लांबीने बुजवील. पण दोन गोष्टी. घाई करू नका, ऊन आहे तोवर होईल. आणि ते झाकण तुम्ही स्वतः घासून देऊ नका, आमचे हे देतील घासून, दोन हजार नंबरपर्यंत. तेवढंच दुपारी भिंतीवरून राजकारण बोलायचे थांबतील.