दाराबाहेरचे पप्पा

रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर माणसं ताटकळताहेत आणि सनईचा पत्ता नाही, असं दिसलं तर आत मुलांची बुद्धिबळ स्पर्धा चालू आहे असं खुशाल समजावं. त्यात खिडकीच्या काचेला नाक लावून उभे असतात ते आपले पप्पा. पंच पालकांना आत घेत नाहीत. फार चांगलं करतात.

पप्पांना स्वतःला खेळ बेताचाच येतो. घोडा अडीच घरं जातो, इथवर ठीक. कॅसलिंग कधी करता येत नाही, असं विचारलं की ते पाण्याची बाटली शोधू लागतात. रेटिंगचं गणित मात्र तोंडपाठ! लहान मुलांना 'के फॅक्टर' 40, म्हणजे बरोबरीच्या पोराला हरवलं तर 20 वाढले, हरलं तर 20 गेले. मार्च 2024मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने खालच्या रेटिंगांची फेरआखणी केली आणि चिरंजीवांचं 1100चं एका रात्रीत 1460 झालं. पप्पांनी सोसायटीत पेढे वाटले. 2000च्या खालच्या सगळ्यांचीच वाढली होती, हे पेढे संपल्यावर कळलं.

संस्कारांच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. "हारजीत महत्त्वाची नाही, बाळा. खेळ एन्जॉय करायचा. हात मिळवायचा." आणि त्याच श्वासात, "समोरचा अनरेटेड आहे, ड्रॉ मागितला तर देऊ नकोस!"

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती 19 वर्षांची होती. "म्हणजे आपल्याकडे अजून नऊ वर्षं आहेत," पप्पा म्हणाले. अंतिम फेरीत हरलं कोण? "असेल कुणीतरी." जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेती झालेली कोनेरू हम्पी म्हणजे 'कुणीतरी'!

तिसऱ्या फेरीनंतर चिरंजीव बाहेर आले.

"काय झालं?"

"हरलो. तो भारी खेळला, पप्पा."

"तो भारी खेळला म्हणजे? तू काय करत होतास?"

पण तोवर चिरंजीव आणि तो भारी पोरगा चपलांच्या ढिगाऱ्यात पकडापकडी खेळायला पळाले होते. पप्पा त्या पोराकडे दिवसभर खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिले.

शेवटच्या फेरीआधी दुसऱ्या एका पप्पांनी शंका काढली : गुण सारखे झाले तर बक्षीस 'बुकोल्झ'वर ठरणार. म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो, त्यांच्या गुणांची बेरीज. पप्पांनी मनातल्या मनात बेरीज केली. मग पिशवीतून बदामाची डबी काढली आणि त्या भारी पोराला गाठलं.

"घे बेटा, घे. आणि ही फेरी जिंकायचीच हं! आमचा सगळा भरवसा तुझ्यावर आहे."

पोरानं बदाम घेतले. त्याचे स्वतःचे पप्पा संशयाने बघत होते.