शुद्धनामवादी

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत, जिथे मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने विजेची पॅनेले आणि नियंत्रक बनवणारे छोटे उद्योग दाटीने वसले आहेत, तिथे एक मनुष्यप्रकार अलीकडे स्थिरावला असून त्याला, अधिक चांगली संज्ञा रूढ होईपर्यंत, शुद्धनामवादी म्हणावे लागेल. त्याचे पद ‘एम्बेडेड इंजिनिअर’ असे असते, म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेल्या इवल्या संगणकासाठी तो आज्ञावली लिहितो. परंतु इतरांनी ठेवलेली नावे त्यांना बदलायला लावणे हाच त्याचा खरा व्यवसाय होय.

हा प्रकार समजण्यासाठी आधी ‘डिव्हाइस ट्री’ म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे. यूएसबीने जोडलेली वस्तू विचारल्याबरोबर आपली ओळख सांगते, पण छोट्या बोर्डावर सोल्डर केलेल्या बहुतेक चिप इतक्या मुखदुर्बळ असतात की त्या तिथे आहेत हेसुद्धा कर्नलला, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याला, कोणीतरी लिहून द्यावे लागते. हे लिहून देण्याची फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री. तिच्यातील प्रत्येक नोंदीला नोड म्हणतात, आणि ती वाचूनच कर्नल त्या चिपशी बोलू शकणारा ड्रायव्हर शोधतो. मूळ कल्पना १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात आढळते, परंतु तिला खरे राज्य मिळाले ते २०११ नंतर, जेव्हा आर्म प्रोसेसरच्या दर बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी आज्ञावली कोंबली जात असल्याचे पाहून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला. (तो फारसा टिकाऊ नव्हता, हेही खरे.)

नोडचे नाव, नियमानुसार, वस्तूची जात सांगणारे असावे, वस्तूचा ब्रँड सांगणारे नसावे. त्यापुढे @ हे चिन्ह आणि मग पत्ता, तोही सोळा अंकांच्या पद्धतीत, लहान अक्षरांत, सुरुवातीला शून्ये न लावता आणि नोडच्या आत लिहिलेल्या पहिल्या पत्त्याशी तंतोतंत जुळणारा. नाव ३१ अक्षरांपेक्षा लांब नसावे, आणि त्यात शब्द जोडायचे झाल्यास संयोगचिन्हाने जोडावेत. अंडरस्कोर, म्हणजे अक्षरांच्या पायाशी काढलेली आडवी रेघ, या जागी वर्ज्य मानली जाते. मात्र त्याच नोडला फाइलीत इतरत्र हाक मारण्यासाठी जे लेबल लावतात, त्यात संयोगचिन्ह चालतच नाही आणि अंडरस्कोरच लागतो. हे सोवळे-ओवळे नवशिक्याला उमगेपर्यंत त्याचा प्रोबेशनचा काळ संपलेला असतो. अशा नवशिक्याने ‘टेम्प_सेन्सर_न्यू_फायनल’ हे नाव ठेवलेले दिसले की शुद्धनामवादी प्रथम चष्मा काढतो, मग खुर्ची मागे ओढतो, आणि ‘टेम्परेचर-सेन्सर@४८’ असे स्वतःच्या हाताने टंकून झाल्यावरच श्वास घेतो. “पण सर, बोर्ड चालतंय ना?” असे त्या मुलाने विचारलेच, तर “चालतंय म्हणून बरोबर आहे, असं कुठे लिहिलंय?” हे उत्तर तयार असते. वस्तुस्थिती अशी की कर्नल ड्रायव्हर निवडतो तो बहुधा ‘कंपॅटिबल’ नावाच्या वेगळ्या ओळीवरून, त्यामुळे नोडच्या नावातल्या चुकीने सहसा कोणाचेही काही बिघडत नाही. आणि नेमके हेच शुद्धनामवाद्याला झोपू देत नाही.

एखादा दिवा चिपच्या एकाच पिनेवर लावलेला असला तरी ती पिन नोंदवणाऱ्या प्रॉपर्टीचे, म्हणजे नोडमधल्या ओळीचे, नाव ‘जीपीआयओज’ असे अनेकवचनी लिहावे लागते. याचे कारण विचारणाऱ्यास तो, ते आदरार्थी अनेकवचन आहे, असे अत्यंत गंभीरपणे सांगतो, आणि नाशिकच्या मुलांना ते पटतेही. उपकरण चालू आहे हे कळवण्यासाठी ‘ओके’ असे त्रोटक लिहिले तरी कर्नल ते खपवून घेतो, परंतु मानकात चार अक्षरांचे रूप दिलेले असल्यामुळे दोन अक्षरांचे काम शुद्धनामवादी परत पाठवतो.

‘कंपॅटिबल’च्या ओळीत मात्र त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसते. तिथे आधी कंपनीचे संक्षिप्त नाव, मग स्वल्पविराम, मग चिपचे नाव असा क्रम असतो, आणि एकदा रूढ झालेले नाव, कंपनी विकली गेली तरी, बदलत नाही. डॅलस सेमीकंडक्टर २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली, फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली, अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली. तिघींची नावे या फाइलींत अजून नांदत आहेत, कारण ती बदलली तर जुन्या फाइलींवर चालणारी यंत्रे आपला ड्रायव्हर हरवून बसतील. रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये यजमानाचे गाव व आडनाव विचारून नामावळीची वही उघडतात आणि तिच्यात पणजोबांची नोंद जशी झाली तशीच राहू देतात, तसाच हा व्यवहार आहे. मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले, तरी तिथल्या चौकाला रिक्षावाला अजूनही मायको सर्कलच म्हणतो. महापालिकेच्या कागदांवर नवीन नाशिक असलेल्या भागाला सारे शहर सिडको म्हणते. इतर नागरिक याला सवय समजतात, तर शुद्धनामवादी त्याकडे जुन्या यंत्रणेशी राखलेली सुसंगती म्हणून पाहतो आणि मायको सर्कलच्या सिग्नलला इतरांपेक्षा कमी वैतागतो.

कौटुंबिक जीवनात हे ज्ञान उपयोगी पडावे अशी त्याची इच्छा असते. बारशाला बाळाचे पाळण्यातले नाव, राशीचे नाव, आजोळचे लाडाचे नाव आणि शेवटी नुसते ‘बाळ’ अशी जी रास पडते, तिची तो मनोमन ‘कंपॅटिबल’ची ओळ करतो: सर्वांत नेमके नाव पहिले, सर्वांत ढोबळ शेवटी, म्हणजे पहिले कोणी ओळखले नाही तर पुढच्यावर भागेल आणि अगदीच काही जुळले नाही तर ‘बाळ’ चालेल. एकाच आईबापांच्या दोन अपत्यांची नावे सारखी नसावीत, हा डिव्हाइस ट्रीचा नियमही तो जमलेल्या बायकांना समजावून सांगतो, आणि नावात आकडा घालायचा झाल्यास तो कसा घालावा इथपर्यंत येतो. तेवढ्यात आत्या त्याला पेढ्यांचे ताट धरून दारापाशी उभे राहायला पाठवते.