'सर्व स्वीकारा' या बटणास अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत 'सर्व स्वीकारा',
मुक्काम : पडद्याचा तळ, ज्या त्या संकेतस्थळी

सा. न. वि. वि.

परवा नातवासाठी बिनअंड्याचा केक करायला घेतला. ओव्हन १८० अंशांवर तापत होता, मैदा चाळून झाला होता. एका परदेशी संकेतस्थळावर प्रमाण पाहायला गेलो, तर दारात आपण! 'आम्हाला आपल्या खासगीपणाची कदर आहे. कुकीज चालतील ना?' मागितला केक, पुढे आल्या कुकीज.

आपला थाट काय वर्णावा! रुंद, हिरवेगार, मांडवातल्या व्याह्यांसारखे ऐसपैस. पण आपले सख्खे भाऊ 'सर्व नाकारा' कुठे दिसेनात. फिकट अक्षरांतल्या 'प्राधान्ये व्यवस्थापित करा'वर बोट ठेवून आत शिरलो, तेव्हा ते अडगळीच्या खोलीत भेटले. शेजारी आपल्या 'भागीदारां'ची यादी. आमच्या लग्नातल्या आमंत्रितांची यादी तिच्यापुढे आखूड ठरावी. काहींपुढे 'कायदेशीर हितसंबंध' असे लिहून कळ आधीच चालू ठेवलेली. सातबाऱ्यावर गुपचूप नाव चढवणारे चुलतभाऊही हक्क असाच सांगतात.

आपल्या कुळाची सुरुवात चांगली होती, हे मान्य. सर्व्हर मुळात विसरभोळा. पान उलटले की गिऱ्हाइकाची ओळख पुसली जायची. म्हणून १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी काढली. टोपलीत काय टाकले, याची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच खिशात. वाण्याचे इतके लक्षात ठेवणे कोणाला नको? पण पुढे त्याच पानावर पाटी लावणारे जाहिरातवालेही आपापल्या चिठ्ठ्या खिशात कोंबू लागले. मी एकदा गुडघ्याचा पट्टा पाहिला. त्यानंतर महिनाभर बातम्या उघडा, पंचांग उघडा, गुडघे हजर.

भाऊ अडगळीत का, हा प्रश्न एकट्या मला पडलेला नाही. आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. नकार होकाराइतका सोपा ठेवला नाही, म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आपण मात्र अजून तितकेच हिरवे.

मीही इरेला पेटलो. एकेक कळ बंद करून नकार नोंदवला. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तृतीय-पक्ष कुकीज, म्हणजे त्या जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या, बंद केल्या आणि त्याच आवेशात साठलेल्या सगळ्या कुकीज पुसून टाकल्या. विजयी मुद्रेने केकच्या पानावर परतलो, तर दारात पुन्हा आपण! मग डोक्यात प्रकाश पडला. माझा नकारसुद्धा एका कुकीतच लिहून ठेवलेला होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

तेव्हा निमूटपणे आपल्याला दाबले. मी हो म्हणालो नव्हतो, थकलो होतो. आपल्या दप्तरी त्याची नोंद 'संमती' अशी झाली असणार.

एव्हाना ओव्हन रिकामाच तापून लाल झाला होता आणि नातू डब्यातली बिस्किटे खाऊन झोपला होता. म्हणजे घरातही शेवटी कुकीजच जिंकल्या.

आपला लोभ आहेच. तो आणखी वाढू नये, ही विनंती.

आपला,
नाइलाजाने स्वीकारणारा एक आजोबा