पर्याय तीन, निवड संचमान्यतेची
महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यापुढे संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत अथवा दोहोंचे पन्नास-पन्नास गुणांचे संयुक्त रूप असे पर्याय कागदोपत्री खुले असतात; प्रत्यक्षात निवड करते ती संचमान्यता, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे ठरवणारी शासकीय प्रक्रिया, आणि संस्कृतचे शिक्षक निवृत्त होऊन जागा रिक्त राहिली की अवघ्या तुकडीला एकाएकी हिंदीची गोडी लागते. जेथे शिक्षक आहेत, तेथे बहुतेक पालक संस्कृतकडे वळतात ते कालिदासासाठी नव्हे, तर त्यात ‘गुण पडतात’ म्हणून. आणि दहावीच्या टक्केवारीला सहांपैकी सर्वोत्तम पाच विषय धरले जात असल्याने हा हिशेब चुकीचाही म्हणता येत नाही. श्रेणी विषयांची, म्हणजे ज्यांचे गुण एकूण बेरजेत येत नाहीत अशा विषयांची, गत निराळी: भिंतीवरील वेळापत्रकात शेवटची तासिका जलसुरक्षेची असते, त्याच वेळी फळ्यावर वर्गसमीकरणे सुटत असतात, आणि वर्षअखेरीस जलसुरक्षेत जवळजवळ सर्वांनाच ‘अ’ श्रेणी मिळते. यास वार्षिक नियोजन म्हणतात, आणि ते दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी वेळेत सादर होते.