चार एकरांचा गुंता

बोरी अरबचे एखादे निवृत्त गुरुजी घ्या. पेन्शन, बँकेच्या ठेवीचं थोडं व्याज आणि चार एकर कापूस. आयकराचं विवरणपत्र भरायला सरकार छदामही घेत नाही. पोर्टलवर सगळं फुकट. पेन्शनरांसाठी ‘सहज’ नावाचा फॉर्मही आहे. शेतीचं उत्पन्न तर करमुक्तच. मग अडलंय कुठे?

अडलंय ५,००० रुपयांवर. खर्च वजा जाता वर्षाला शेतीत याहून जास्त उरले, की ‘सहज’ बंद. मग आयटीआर-२ भरा. त्यात परदेशातल्या मालमत्तेचाही तक्ता असतो. गुरुजींचा परदेश म्हणजे यवतमाळ. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. तरी चार एकरांत पाच हजार उरणार नाहीत, हा दिल्लीचा अंदाज बोंडअळीच्या भरवशावर असावा. (अंदाज अगदीच चुकीचा नाही म्हणा.)

मुदत चुकली तर दंड आहेच, म्हणून गुरुजी ऑनलाइन सेंटर गाठतात. तिथला पोरगा पाचशे रुपये घेऊन फुकटचं काम करून देतो आणि शेतीचा रकाना आला, की न विचारता शून्य टाकतो.