अण्णाजींची मान आणि आम्स्टेलव्हेनची अब्रू

कुणाला सांगू नका, पण आमच्या आम्स्टेलव्हेनमधली मराठी माणसं बिघडली आहेत. पिऊन बिघडली असती तर एक वेळ समजलं असतं. "परदेशात गेलं की होतंच असं," म्हणत सांगली-कोल्हापूरकडच्यांनी चार दिवस नाकं मुरडली असती आणि विषय मिटला असता. पण ही माणसं पीत कुठं आहेत? अर्ध्या पेल्यात यांचे कान लाल होतात. ही बिघडली आहेत ती बाटलीचं बूच काढायच्या हत्यारापायी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे चार घरं जेवायला जमली की विषय ठरलेले असायचे. श्रीखंडासाठी इथलं क्वार्क रात्रभर टांगायचं की तसंच फेटायचं, तीस टक्के करसवलत कुणाची संपत आली, कुणाचं पोर शाळेत फाडफाड डच बोलतं. आता पुरुषमंडळी आत येतात, बूट काढतात आणि यजमानीणबाईंना नमस्कारसुद्धा न करता थेट स्वयंपाकघरातला खण ओढतात. "हा नवीन दिसतोय. वेढे किती?" वेढे! ज्या माणसाला लग्नाला पंधरा वर्षं होऊन बायकोच्या मंगळसूत्राला पदर किती ते सांगता येणार नाही, तो स्क्रूचे वेढे मोजतो.

लागण झाली ती २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी. त्या दिवशी अख्खा देश नारिंगी कपडे घालतो, रस्त्यावर चादरी पसरतो आणि माळ्यावरचा पसारा विकायला काढतो. नवरा धाकटीसाठी सायकल बघून येतो म्हणून बाहेर पडला. आला तो पिशवी खुळखुळवत. सायकल एकही नाही, कॉर्कस्क्रू सात! त्यातल्या एकाची लाकडी मूठ इतकी झिजलेली की कुठल्या तरी डच आजोबांचा अंगठा तिच्यावर उमटला होता. मी नुसती बघत राहिले. तर म्हणतो कसा, "अगं, दोन युरोला एक."

या वस्तूला डच लोक 'कुर्केनट्रेकर' म्हणतात. 'ट्रेकेन' म्हणजे ओढणं. हाच शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांच्या बैलगाड्यांबरोबर फिरत फिरत इंग्रजीत शिरला आणि तिथून आपल्या सह्याद्रीत पोचला. म्हणजे दर पावसाळ्यात राजगडावर 'ट्रेक'ला जाणारा माझा नवरा शब्दार्थानं इतकी वर्षं काहीतरी ओढतच होता. आता बूच ओढतो, इतकंच.

पण खरा बोभाटा झाला तो बाईमुळे. एका घरी आली, मग दुसऱ्या, आणि आता आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत ओट्यावर एकेक उभी आहे. बॉबकट, हसरा चेहरा, घोळदार झगा. दिसायला बाहुली. झगा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, बाईचं डोकं धरायचं आणि गरागरा पिळायचं. स्क्रू बुचात उतरत जातो तसतसे तिचे दोन्ही हात वर येतात, थेट डोक्यावर. मग तेच हात खाली दाबायचे की बूच वर. तत्त्व जुनंच, दोन पंखांच्या साध्या ओपनरचं. दातेरी दांडा आणि त्यात अडकलेली दोन चाकं. पण साधा ओपनर आणून कोण चार लोकांत मिरवणार?

अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी आलेसांद्रो मेंदिनीनं ही १९९४ मध्ये घडवली. नाव ॲना जी., त्याच्याच ओळखीतल्या ॲना जिली या डिझायनर बाईंवरून. विचार करा, ओळखीच्या बाईचं नाव घ्यायचं आणि जगभर तिची मान पिरगळायला लावायची! वर कौतुक असं की तिचा जन्म आमच्या हॉलंडच्या फिलिप्सच्या एका कार्यक्रमात भेट द्यायची वस्तू म्हणून झाला. त्याच वर्षी याच मेंदिनीचं ग्रोनिंगेनचं संग्रहालय उघडलं, स्टेशनसमोर, पाण्यात उभं, सोनेरी मनोऱ्याचं. आम्ही ते बघायला दोन तास गाडी हाकत गेलो. आमच्या कंपूतल्या पुरुषांनी आतल्या चित्रांपुढे एक मिनिट घालवला नाही. मनोऱ्याकडे बोट दाखवून "हाच तो, ॲनाचा बाप," म्हणत फोटो काढून घेतले. पुढं २००३ मध्ये मेंदिनीनं तिला जोडीदारही दिला, आलेसांद्रो एम., स्वतःच्याच रूपाचा. त्यावर बायकांचं जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यात सासूबाई आलेल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. डच लोक 'जी' या अक्षराला घसा खरवडून 'खे' म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात 'ॲना जी' आणि 'ॲना खे' दोन्ही चालू. आईंनी मधलंच ऐकलं.

"हे अण्णाजी कोण?"

"अण्णाजी नव्हे आई, ॲना जी."

"तेच ते. बाईमाणूस, नाव अण्णाजी, आणि मान पिरगळली की हात वर करते. शोभतं का गं हे?"

नाव चिकटलंच. मला मात्र २०२२ चा जानेवारी आठवला. महाराष्ट्र सरकारनं सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला आणि राळेगणसिद्धीच्या अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. एक अण्णा बाटली दुकानात येऊ देईनात, इकडे दुसरे अण्णाजी बाटली दिसली की हात वर! इथं वाइन अल्बर्ट हाइनमध्ये दुधाच्या पलीकडच्या फडताळात असते, कडक माल तेवढा वेगळ्या दुकानात. त्यातल्या १८८४ पासूनच्या एका जुन्या दुकानाचं नाव गॉल अँड गॉल, डच उच्चार जवळजवळ 'खाल एन खाल'. आईंनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाव खाल आणि खाल, आणि खायला शेंगदाणेसुद्धा धड नाहीत." पुण्याहून आलेल्या एका काकांनी तर हद्द केली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे प्यायचा परवाना लागतो, तो ते पाकिटात घालून इथवर घेऊन आले होते. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर त्यांनी तो काढून पुढं केला. गल्ल्यावरच्या पोरीनं उलटसुलट बघितला आणि विचारलं, "बोनसकार्ड?"

असो. नाद इथपर्यंत होता तोवर ठीक. मग आइंडहोव्हनच्या आमच्या मित्राच्या डोक्यात आलं की आपण स्वतःच एक ओपनर बनवावा. हा गृहस्थ वेल्डहोव्हनला चिपा घडवणाऱ्या यंत्रांवर काम करतो, बोलतो ते नॅनोमीटरमध्ये. म्हणाला, "साधं हत्यार आहे, शनिवारी होऊन जाईल." घरच्या त्रिमिती छपाईयंत्रावर त्यानं पंखवाला सांगाडा छापला, भगव्या प्लास्टिकचा. आम्ही सगळे टेबलाभोवती. स्क्रू छान उतरला, हात वर आले, टाळ्या पडल्या. त्यानं हात खाली दाबले आणि कर्र्र असा आवाज आला. दांड्याचे दाते फरसाणासारखे टेबलभर. बूच जागच्या जागी.

चूक कुठं झाली? बूच मूळचं २४ मिलिमीटर जाडीचं. दाबून दाबून ते साडेअठराच्या मानेत कोंबलेलं असतं. ते जन्मभर फुगायला बघतं आणि काचेला चिकटून राहतं. त्याला हलवायचं तर वीस-तीस किलोचा जोर लागतो. इंडियन स्टोअरमधून बासमतीची वीस किलोची गोणी उचलताना ज्याची कंबर धरते, त्याच माणसानं हे गणित मांडलं नव्हतं. आणि स्क्रू त्यानं घेतला होता तो लाकडाला भोक पाडायच्या गिरमिटासारखा, मधोमध भरीव. असला स्क्रू बुचाला पकडत नाही, कोरतो. पेल्यात भुसा. चांगल्या स्क्रूच्या वेढ्यांच्या मधून आगपेटीची काडी सरळ आरपार गेली पाहिजे. बुचाचा गर शाबूत राहतो आणि तोच स्क्रूला धरून ठेवतो. ही काडीची परीक्षा आता आमच्याकडे पोरंसुद्धा घेतात.

दुसऱ्या शनिवारी त्यानं नवी तऱ्हा आणली: एकाच दिशेनं फिरवत राहायचं, बूच आपोआप स्क्रूवर चढत वर येतं. ही अक्कल टेक्सासच्या हर्बर्ट ॲलनची, तेलविहिरींच्या यंत्रांचा इंजिनिअर. त्यानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस लांब, बारीक स्क्रूवर टेफ्लॉन चढवलं आणि ओढायचं कामच काढून टाकलं. आमच्या मित्राकडे टेफ्लॉन नव्हतं. त्यानं साजूक तूप लावलं. वाइनला बेसनाच्या लाडवाचा वास आला, हे मी स्वतः हुंगलंय.

चार शनिवार गेले. शेवटी तो एक घडी होणारी वस्तू घेऊन आला: एका टोकाला छोटं पातं, मधे स्क्रू, दुसऱ्या टोकाला बाटलीच्या ओठावर टेकणारी तरफ. फार मोठा शोध लावल्याच्या चेहऱ्यानं त्यानं ती मांडली. त्याच्या बायकोनं हॉटेलातल्या वेटरच्या खिशात असतं ते काढून शेजारी ठेवलं. कार्ल विन्के नावाच्या जर्मनानं १८८२ मध्ये पेटंट घेतलेलं. तेच. थोडं बरं.

मला विचाराल तर मला तेच आवडतं. या कामात गोष्टी दोनच: आत शिरायचं आणि ओढायचं. वेटरचं हत्यार दोन्ही डोळ्यांदेखत करतं, खिशात मावतं आणि त्याला कुणाची मान लागत नाही. पण हे बोलायची सोय नाही, लगेच इतिहास ऐकावा लागतो. या वस्तूचं पहिलं पेटंट घेतलं कुणी? १७९५ मध्ये, इंग्लंडात, सॅम्युएल हेन्शल या पाद्र्यानं! देवाचं काम सोडून यानं स्क्रूच्या वर एक बटणासारखी चकती बसवली. चकती बुचावर टेकली की पुढच्या वेढ्याला बूचच गरकन फिरतं आणि काचेशी धरलेली चिकटण सुटते. त्याच शतकात डच सोनारांनी चांदीच्या मुठी घडवल्या, वर सिंह काय, घोडे काय. म्हणजे हा चळ आमच्या लोकांनी नव्यानं लावून घेतलेला नाही, एवढंच समाधान.

उघडण्याची ही तऱ्हा, तर उरवण्याची निराळीच. कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करणारा हा देश. इथल्या डेल्फ्टच्या व्हॅक्यू व्हिननं १९८० च्या दशकात बाटलीतली हवा ओढून घ्यायचा हातपंप काढला, तो याच स्वभावातून आला असावा असं माझं मत. रबरी बूच लावायचं, पाच-सहा वेळा पंप ओढायचा, उरलेली वाइन आणखी काही दिवस टिकते. आमची मंडळी एक बाटली तीन रविवार पुरवतात आणि दर वेळी ती "उघडण्याचा" सोहळा करतात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या काचेच्या कुंडीत आमच्या घरची बाटली महिन्यातून एकदा खळ्ळ करते. शेजारच्या डच आजी दर आठवड्याला तिथं पाच मिनिटं उभ्या असतात. त्यांच्या घरी ओपनर एकच आहे, तोही शिवणाच्या डब्यात.

आईंनी हा सगळा तमाशा दोन महिने बघितला. एका संध्याकाळी पुरुष मानेवरून वाद घालत बसले असताना त्यांनी बॅगेतून पितळी सोऱ्या काढला, फिरकीच्या मुठीचा, चकलीसाठी आणलेला. तो अण्णाजींच्या शेजारी ठेवला. "यात नवीन काय आहे? मूठ फिरवली की आमचं पीठ खाली जातं, तुमचं बूच वर येतं. उलटा सोऱ्या आहे हा." आणि सोऱ्याची मूठ फिरवत म्हणाल्या, "हा माझ्या सासूबाईंचा. अजून एक दाता गेलेला नाही." आइंडहोव्हनच्या मित्रानं तो हातात घेतला तो रात्री जाईपर्यंत ठेवला नाही. आटे मोजत होता.

दोन युरोवाल्या सातांपैकी तीन मी गुपचूप कुंडीजवळ ठेवून आले. दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले. कुठल्या घरी गेले ते मला पक्कं ठाऊक आहे. नाशिकच्या वाइनच्या कितीतरी बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, मनगटाला एक झटका दिला की झालं, हे मी एकदा सांगून बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मोदक विकत आणायला सांगितले.

जुलैत आई परत निघाल्या. सामानात चीज, स्ट्रोपवाफल आणि कागदात गुंडाळलेल्या अण्णाजी. "तिथं कुणाला काय कळतंय? बाहुली आहे," म्हणाल्या. भाद्रपदात व्हिडिओ कॉल आला. सांगलीच्या घरी गौरींची आरास, पायऱ्यांवर लाकडी ठकी, चिनीमातीचे मोर, आणि दुसऱ्या पायरीवर, हळदीकुंकू लावलेली, मोगऱ्याचा गजरा माळलेली आमची ॲना. गल्लीतल्या बायका येत होत्या, सुनेनं हॉलंडहून पाठवलेल्या बाहुलीचं कौतुक करत होत्या, ओटी घेऊन जात होत्या. तेवढ्यात मागच्या आळीतल्या, कडक उपासतापासांच्या म्हणून नावाजलेल्या एक काकू आल्या. त्यांनी बाहुली उचलली, ओळखीच्या हातानं तिचे दोन्ही हात वर केले. मान खाली गेली, झग्याखालून स्क्रूचं टोक बाहेर आलं. काकूंनी ते बोटानं चाचपलं, हात पूर्ववत केले आणि बाहुली होती तशी ठेवून दिली.

आई काही बोलल्या नाहीत. काकूही नाहीत. पण मागं चार जणी उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीचा फोन माझ्या आत्येसासूबाईंना पाच मिनिटांत गेला. तेव्हापासून सांगलीत आमचा विषय मागं पडलाय.