दुपट्ट्याखालचा पासवर्ड

आमच्या साडूभाऊंना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, पण कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की यजमानाकडे न बघता छताच्या कोपऱ्यात लुकलुकणारा हिरवा दिवा शोधणारा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. आमचे अकोल्याचे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे टाळता न येणारे. पाठीवरच्या पिशवीत जुना, जडशीळ लॅपटॉप. त्याची बॅटरी केव्हाच वारली, त्यामुळे साडूभाऊंना कुठेही बसायला दोनच गोष्टी लागतात, वायफाय आणि प्लग. खुर्ची नसली तरी चालते.

आणि गळ्यात दुपट्टा. आता वऱ्हाडात दुपट्टा कुणाच्या गळ्यात नसतो? अकोल्याचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा दुपट्टा बांधल्याशिवाय दारापर्यंतसुद्धा कुणी जात नाही. पण साडूभाऊंचा दुपट्टा बारमाही आहे आणि त्याचा उन्हाशी संबंध नाही. कधीकाळी त्यांना मोबाइलवर एक मेसेज आला होता की सार्वजनिक वायफायवर पासवर्ड चोरतात. कसे चोरतात हे मेसेजमध्ये नव्हतं. साडूभाऊंनी स्वतःच्या बुद्धीने ठरवलं की बघून चोरत असणार. तेव्हापासून पासवर्ड टाकायची वेळ आली की डोकं आणि लॅपटॉप दोन्ही दुपट्ट्याखाली जातात, सर्दी झालेला माणूस पातेल्यावर वाफारा घेतो तसे.

हे दर्शन मला पहिल्यांदा घडलं अमरावतीच्या एका दवाखान्यात. सासरे भरती होते. काउंटरमागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद होता आणि त्यावर वायफायचा पासवर्ड, एक ते आठ आकडे ओळीने. साडूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून तो मोठ्याने वाचला आणि दुपट्ट्याखाली अंतर्धान पावले. आतून आवाज आला, “साडूभाऊ, जरा आडवे उभे राहा ना. मांगून कोनी पाहून राह्यलं का?” मागे अर्धा वॉर्ड उभा होता आणि तोच कागद बघून तोच पासवर्ड आपापल्या मोबाइलवर टाकत होता. तेवढ्यात सिस्टर आल्या. “काकांना वाफ कुणी द्यायला सांगितली? फाइलमध्ये तर लिहिलेलं नाही.”

पण दवाखाना, मंगल कार्यालय, अमरावतीच्या राजकमल चौकातलं हॉटेल ही सगळी फिरतीची ठिकाणं. त्यांचं खरं ऑफिस अकोला स्टेशन. रेल्वेच्या रेलटेल कंपनीने गूगलला सोबत घेऊन जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वायफाय द्यायला सुरुवात केली आणि पुढे चारशे स्टेशनं गाठली. २०२० मध्ये गूगलने काढता पाय घेतला, रेलटेलचं रेलवायर राहिलं आणि पसरत गेलं. मार्च २०२१ पासून रोजचा पहिला अर्धा तास फुकट, पुढे पैसे. पैसे तरी किती, तर दहा रुपयांत दिवसभरासाठी पाच जीबी. प्लॅटफॉर्म तिकिटाचे दहा रुपये साडूभाऊ हसत देतात, वायफायचे दहा देत नाहीत. “फुकटाच्या वस्तूले पैसे कायले द्याचे?” असा त्यांचा बिनतोड सवाल असतो.

अर्धा तास मिळतो एका मोबाइल नंबरवर. मग साडूभाऊंचा नंबर, ताईंचा नंबर, पुण्याच्या मुलाचा नंबर, आणि ती रांग संपली की माझा. मी अमरावतीत भाजी निवडत असताना फोन येतो. “ओटीपी आला असन. वाचा बरं.” मी वाचतो. “सात! हाव, सात. पुढं? दोन! सात-दोन!” कुलीपासून चहावाल्यापर्यंत सगळा फलाट त्या आकड्यांचा साक्षीदार असतो. बोटं मात्र कुणालाही दिसत नाहीत. ती दुपट्ट्याखाली असतात.

एकदा मी त्यांना शेजारी बसवून समजावलं. म्हटलं, डोळ्याने होणारी चोरी वेगळी आणि हवेतून होणारी वेगळी. बिनपासवर्डच्या खुल्या वायफायवर लॅपटॉप आणि खांबावरचा डबा यांचं बोलणं हवेत उघडंच असतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक साधन निघालं होतं. संगणकातलं ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा त्याच्या जोरावर, त्याच वायफायवर बसलेल्या शेजाऱ्याच्या फेसबुकात शिरू शकत होता. तो बोभाटा झाला आणि हळूहळू साइटवाले शहाणे झाले, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आलं. आता बहुतेक मजकूर कुलपात जातो. तुम्ही काय लिहिता ते मधल्याला दिसत नाही, कुठल्या दारात गेलात एवढं मात्र बहुधा कळतं. खरा धोका उरला आहे तो नावाचा. हॉटस्पॉटला कुणीही कुठलंही नाव देऊ शकतो. स्टेशनच्या वायफायचंच नाव देऊन कुणी बाकावर बसला, तर लॅपटॉपला फरक कळत नाही, तो ओळखीचं नाव दिसलं की न विचारता जाऊन चिकटतो. मग तो भामटा हुबेहूब लॉगिनचं पान तुमच्यासमोर धरतो आणि तुम्ही आपल्या हाताने पासवर्ड लिहून देता. दुपट्ट्याखाली असलात तरी.

साडूभाऊ गंभीर झाले. “म्हंजे नाव पाहून जोडाचं नाही?”

“नाही.”

“मंग मानूस वळखाचा कशावरून?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडे माणसं नावावरूनच ओळखतात. कोणाचा, कुठला, कोणाच्या मामाकडचा, एवढं कळलं की उसने पैसेसुद्धा मिळतात. त्याच दुपारी त्यांनी यादीतून ‘जय गजानन’ नावाचं नेटवर्क निवडलं. पासवर्ड नव्हता. मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, “महाराजाच्या नावानं कोनी चोरी करते का?” फलाटावर उभ्या असलेल्या गाडीतल्या कुणा भाविकाचा तो मोबाइल असावा. गाडी शेगावकडे निघाली तसे महाराजही गेले आणि साडूभाऊंचा डाउनलोड अर्ध्यावर लटकला. त्या बिचाऱ्या प्रवाशाचा डेटा आपण चोरला, हे काही शेवटपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पण या सगळ्याचा कळस वेगळाच आहे. नवं वायफाय जोडलं की लॅपटॉप विचारतो, हे नेटवर्क पब्लिक समजू की प्रायव्हेट? पब्लिक म्हटलं तर तो आजूबाजूच्या मशीनपासून तोंड लपवून बसतो. प्रायव्हेट म्हटलं तर त्याला वाटतं आपण घरात आहोत, सगळे आपलेच, आणि तो शेजारच्या लॅपटॉपांना दिसायला लागतो. साडूभाऊ इतकी वर्षं प्रत्येक फलाटावर, प्रत्येक दवाखान्यात इमानेइतबारे ‘प्रायव्हेट’ निवडत आले आहेत. कारण? “आपलं काम प्रायव्हेट हाय ना भाऊ. पब्लिकले कायले दाखवा?” आणि हे बटण ते दुपट्ट्याखाली दाबतात!

भीती घातल्याशिवाय हा माणूस सुधारणार नाही म्हणून मी त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादचे स्फोट झाले त्या २६ जुलैला, स्फोटांच्या जरा आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरचा. त्याचं वायफाय खुलं होतं आणि कुणीतरी ते वापरून गेलं होतं. पुढचे मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. यांच्यापैकी कुणाचाच त्यात हात नव्हता, पण चौकशीचा फेरा चुकला नाही. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घ्या म्हणून बजावलं. “तुम्ही ज्या ओटीपीसाठी मला छळता ना, तो तिथून आलाय.”

साडूभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि तात्पर्य काढलं. “म्हंजे धोका घरच्या वायफायले हाय. स्टेशनवर तं पोलीस असते.”

मध्यंतरी पुण्याच्या मुलाने त्यांना एक फुकटचं व्हीपीएन टाकून दिलं. व्हीपीएन म्हणजे तुमची वाहतूक झाकून दुसऱ्याच्या दारातून नेणारी सोय. स्टेशनवाल्याला काही दिसत नाही, पण ज्याचं दार आहे त्याला दिसतं, आणि फुकटात दार उघडणारा कोण असतो ते विचारू नये. साडूभाऊ खूश. चहावाल्याला सांगायचे, “आता मी नेदरलँडले हाय.” मग एक सरकारी पोर्टल उघडायला गेले. ते परदेशातून येणाऱ्याला आत घेईना. अकोल्याच्या तीन नंबर फलाटावर, पायाशी पाण्याची बाटली आणि डोक्यावर दुपट्टा घेऊन बसलेला हा वऱ्हाडी गृहस्थ तासभर परदेशी नागरिक म्हणून दाराबाहेर ताटकळला.

वायफायसाठी त्यांनी काय काय केलं ते सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. एसटीत वायफाय आलं तेव्हा ते हौसेने अकोला-अमरावती फेऱ्या मारत होते. त्यात इंटरनेट नव्हतंच, डब्यात आधीच भरलेले सिनेमे होते, हे कळायला त्यांना वेळ लागला. मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्टने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट नेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा चिखलदऱ्याला भीमकुंड बघायला निघालेलं सगळं कुटुंब यांनी हरिसालला नेऊन उभं केलं. ताई अजून बोलून दाखवतात. पुढे २०१९ च्या निवडणुकीत, हे गाव खरंच किती डिजिटल आहे यावरून भर सभांत व्हिडिओ लागले. साडूभाऊंचं मत विचाराल तर, “रेंज येत होती. थोडी थोडी.”

आता जे सांगायचं आहे ते नाइलाजाने सांगतो. २०२३ च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीक विमा आणला. मुदत ३१ जुलै, मग ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या शेवटच्या रात्रींपैकी एका रात्री मी मुंबईहून येताना अकोल्याला उतरलो. फलाटावर प्लगच्या खांबाला टेकून साडूभाऊ बसलेले, आणि त्यांच्याभोवती बोरगाव मंजू, कुरूम, काटेपूर्णा इकडची माणसं. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या पासबुक, कुणी पेरणीचं घोषणापत्र घडी करून टोपीत ठेवलेलं. दिवसा सगळा जिल्हा विम्याच्या पोर्टलवर एकदम तुटून पडायचा, काम हलायचं नाही. रात्री दोननंतर हलायचं. एक रुपयाच्या अर्जाला बाहेर कुठे शंभर, कुठे दोनशे मागत होते. साडूभाऊ एक रुपयाच घेत होते, तोही विम्याचा. एक म्हातारी आपला ओटीपी मोठ्याने सांगायला लागली तर तिच्यावर ओरडले, “हळू सांग माय, हळू! कानात सांग.” आणि तिच्या डोक्यावरून दुपट्टा ओढून घेतला. दोघं आत. स्वतःचा ओटीपी फलाटभर वाटणारा हाच माणूस.

त्यांच्या लॅपटॉपचा डाउनलोड फोल्डर मी तेव्हा पाहिला. ‘आधार मागची बाजू’, ‘सातबारा फायनल’, ‘सातबारा फायनल खरा’, ‘काकू फोटो डोळे उघडे’. निम्मा तालुका त्यात निजलेला होता. म्हटलं, काम झालं की हे पुसत चला, आणि ते ‘प्रायव्हेट’ बंद करा. त्यांनी पहिल्यांदा माझं ऐकलं. रात्रभर बसून, एकेका माणसाला फोन करून विचारून, फाइली पुसल्या. “तुमची पावती तुमच्यापाशी हाय ना? मंग मी पुसू का?” गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर आपल्या सगळ्यांचे आधार उघडेच पडलेले असतात, त्याने कधी कुणाला फोन केल्याचं तुम्ही ऐकलं आहे?

त्याच ऑगस्टमध्ये संसदेने वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा मंजूर केला. तरीही ऑक्टोबरच्या उन्हात एका सरकारी कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर सरकारी मदतीची यादी लागली. नाव, गाव, मोबाइल, खाते क्रमांक, आधार, सगळं छापील, वाऱ्यावर फडफडणारं. माणसं मोबाइलने फोटो काढत होती. साडूभाऊंनी खालपासून वरपर्यंत यादी वाचली. मग गळ्यातला दुपट्टा काढला आणि दोन टाचण्यांनी तिच्यावर टांगला.

शिपाई धावत आला. “काका, हे काय करून राह्यले?”

“माहितीले ऊन लागून राह्यलं.”

शिपायाने दुपट्टा काढला, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि यादी पुन्हा सरळ केली. साडूभाऊ वाद घालत बसले नाहीत. पायरीवर टेकले, मला फोन लावला. मला वाटलं, ओटीपी. पण नाही. अगदी मनापासून, शिकणाऱ्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, “साडूभाऊ, ह्या भिंतीले काय निवडाचं, पब्लिक का प्रायव्हेट?”